कानसबाईचा ‘का’

माझ्या ताईला कारखान्यात सगळे कानसबाई म्हणायचे. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या असतात ना, त्यांची टोकं कानशीने घासायचं काम तिचं. वाजवणाऱ्याची बोटं कापू नयेत म्हणून. एकोणीस वर्षं घासली, तिची स्वतःची बोटं मात्र कायम कापलेली. मान धडाला जोडण्याआधी ती सांध्यात पेन्सिलीने ‘का’ लिहायची. कानसबाईचा का. “उद्या तक्रार आली तर उगाच दुसऱ्या कुणाच्या माथी नको,” म्हणायची. इतकं सरळ असू नये माणसानं!

दोन वर्षांपूर्वी कंपनीने सहीवाली गिटार काढली. तिच्या डोक्यावर, तारांच्या खुंट्यांपाशी, एका बड्या वादकाची सही. लाकूड तेच, तारा त्याच, आतलं वायरिंग तेच, घासणारी ताईसुद्धा तीच. रंग तेवढा जांभळा, आणि सहीचं स्टिकर. ते मीच चिकटवते, म्हणून छातीठोक सांगते. चाळीस सेकंदांचं काम आणि किंमत दुप्पट! दिवसाढवळ्या लोकांना टोपी घालायची, वर तिला ‘खास’ म्हणायचं.

एका गिऱ्हाइकाने साधी आणि सहीवाली अशा दोन्ही घेतल्या आणि घरी बसून दोन्हींच्या माना खोलल्या. दोन्हीकडे एकाच हाताचं ‘का’. त्याने फोटो इंटरनेटवर टाकले. खाली लिहिलं, “आतून गिटारच विचारतेय, दुप्पट पैसे का?”

झालं. लोक पैसे परत मागू लागले, आणि मॅनेजरने आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. ‘साध्या गिटारची मान माझ्या चुकीने सहीवालीला लागली.’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

“बाई, इथे सही करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

ताईने कागद दोनदा वाचला. “चूक झालेलीच नाही. आणि साहेब, सहीला तुम्ही दुप्पट घेता ना? मग माझी फुकटात कशी मागता?”

मला हसूच फुटणार होतं. तेवढ्यात मॅनेजरने कागद माझ्याकडे सरकवला. “चूक यांचीच, पण सहीला नकार दिला, असं खाली लिहितो. साक्षीदार म्हणून तुम्ही करा.”

मी केली. त्यांच्याच पेनने.

गेटबाहेर ताईने एवढंच विचारलं, “का गं?”

घरात आईची औषधं आहेत, एकीचा तरी पगार हवा. तिलाही ते ठाऊक होतंच. आता माना दुसरी कुणी घासते, आत काही लिहीत नाही. मी रोज सही चिकटवते आणि डोकं सणकतं. तो राग सगळाच कंपनीवरचा नसतो.