पुण्यात राहून गेलेलं टेम्प-दोन

वैशाली निमजेने लिहिलेली बारा पानं मी वाचली नाहीत. चूक एवढीच. बाकी सगळी त्या चुकीची लेकरं.

मी नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयटीत आहे. रुग्णांचे सीटी, एमआरआय आमच्या तळमजल्यावरच्या स्टोरेजमध्ये, म्हणजे डेटाच्या कपाटात राहतात. तसंच दुसरं कपाट पुण्यात. मध्यंतरी आमच्या खोलीतले यूपीएस बदलायचे होते, म्हणून आठ दिवस सगळं काम पुण्याच्या कपाटावर नेलं. याला फेलओव्हर म्हणतात. परत आणणं म्हणजे फेलबॅक. घराला रंग द्यायचा म्हणून आठ दिवस सासरी जाऊन राहावं, तसं. जाणं सोपं. येताना मात्र मधल्या दिवसांत तिथे घेतलेलं सामानही आठवणीने आणावं लागतं.

नेण्याचं काम वैशालीने केलं. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दोन तास दहा मिनिटं लागली, तक्रारीचा एक फोन नाही. आमचे साहेब देशकर सर, त्यांनी सोमवारी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले आणि तिची पानं हातात धरून म्हणाले, "काम असं असते." मी पोहे खाल्ले. तर्री दोनदा घेतली. छातीतली जळजळ तर्रीचीच आहे, असं स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी परत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. परतीचंही वैशालीने लिहून ठेवलंय, ते घे, असं सर म्हणाले. मी हो म्हणालो आणि पानं ड्रॉवरमध्ये टाकली. अठरा वर्षं स्टोरेज सांभाळणारा माणूस आता कालच्या पोरीच्या कागदावर चालणार? मी माझी यादी केली. एका पानाची. वर ठळक लिहिलं: दोन तासांच्या आत.

रविवारी सकाळी दहाला सुरुवात केली. वैशाली सुटीवर, मनीषनगरला घरी. मला तेच हवं होतं. पुण्याचा डेटा नागपुरात पूर्ण उतरल्याचं पाहिलं. डॉक्टरांना स्कॅन दाखवणारं अ‍ॅप्लिकेशन बंद केलं, शेवटचे बदल उतरवले, नागपूरचं कपाट जोडून पुन्हा चालू केलं. जुने चार स्कॅन उघडून पाहिले. एक तास बावन्न मिनिटं. सरांना फोन करून, त्यांनी न विचारताच, आकडा सांगितला. वैशालीलाही मेसेज टाकला. तिने अंगठा पाठवला. मला त्या अंगठ्याचाही राग आला.

मग साफसफाई. पुण्यात एक व्हॉल्यूम, म्हणजे कपाटातला एक कप्पा, उगाच पडलेला दिसला. नाव टेम्प-दोन. नागपुरात त्याला जोडीदार नाही. कोण्या येड्याने चाचणीसाठी बनवला असेल, म्हणून डिलीट दिलं. होईना. त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळचा ठसा, कोणीतरी घेऊन ठेवला होता, आणि तो असेपर्यंत कप्पा पुसता येत नाही. घेणाऱ्याचं नाव पाहिलं. वैशाली निमजे. ही घरी बसूनही आडवी येते, म्हटलं, आणि आधी ठसाच पुसायला घेतला. "नक्की?" असं स्क्रीनने विचारलं, तेवढ्यात फोन वाजला.

रेडिओलॉजीतून परातेकाका. तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन.

"साहेब, नव्या सीटी मशीनचा एकही स्कॅन दिसून नाही राहिला. गुरुवारपासूनचे सगळे गायब. उद्या एका बाईच्या डोक्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर इथं खुर्ची टाकून बसले आहेत."

नवं मशीन गुरुवारी सुरू झालं होतं. त्याच्यासाठी पुण्यात नवा कप्पा लागला होता. तो बनवला होता मी. घाईत नाव दिलं टेम्प-दोन, आणि नागपुरात उतरवायच्या यादीत घालायचं राहून गेलं. येडा सापडला.

मी माउसवरचा हात असा उचलला, जणू खाली विंचू आहे. वैशालीला फोन करायला मला पाच मिनिटं लागली. नंबर पाठ होता.

"भाऊ, पान नऊ वाचलं का तुम्ही?"

"नाही."

तिकडे कुकरची शिटी अर्ध्यात तुटली; तिने गॅस बंद केला होता.

"गुरुवारी ते टेम्प-दोन पाहिलं, तेव्हाच लिहून ठेवलं मी. पुण्यात मधात काही नवीन बनलं असन, तं पहिले ते यादीत घ्या म्हणून. आता कशालेच हात नका लावू. मी येते."

अर्ध्या तासात ती आली. मला वाटत होतं, आता सगळा कप्पा नागपुरात उतरेपर्यंत डॉक्टरांना थांबावं लागणार. तिने आधी अ‍ॅप्लिकेशनला पुण्याचाच कप्पा जोडून दिला. वीस मिनिटांत त्या बाईचा स्कॅन डॉक्टरांच्या स्क्रीनवर होता. उतरवण्याचं काम मग सावकाश संध्याकाळपर्यंत चाललं. हे मला का सुचलं नाही, म्हणून तेवढ्यातही मी थोडं जळून घेतलं.

धडा लहान आहे. दुसऱ्याचा कागद वाचला म्हणून आपली अठरा वर्षं कमी होत नाहीत. न वाचल्याने होऊ शकतात.

निघताना रेडिओलॉजीत जाऊन परातेकाकांची माफी मागितली. सगळे स्कॅन आले, एकही गेला नाही, हेही सांगितलं. काकांनी चष्मा वर केला.

"साहेब, फिल्मा होत्या तेव्हा आम्हीच हरवत होतो, अन् आम्हीच शोधत होतो. आता हरवता तुम्ही, अन् शोधतात मॅडम. मंग तुमची गरज नेमकी कोणाले आहे?"