थोरल्याच्या नावाचे यंत्र

ज्येष्ठ अपत्याचे नाव आईवडिलांनी उच्चारू नये, त्याने त्याचे आयुष्य घटते, असे मी इंदापूरच्या पाठशाळेत शिकलो आणि निष्ठेने पाळले. थोरल्याला मी ‘अरे’ म्हणूनच हाक मारीत आलो. त्याची आई त्याला ‘बाळ’ म्हणे, सूनबाई ‘अहो’. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्याने तो नोकरी सोडून बारामतीला आमच्याकडे परतला, तेव्हा त्याचे नाव घरात कुणाच्याच तोंडी नव्हते.

पुण्याच्या रुग्णालयाच्या फेऱ्यांतून सवड मिळे तेव्हा त्याने तीन जुने संगणक तारांनी जोडले आणि तिन्हींवर लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली चढविली. एकावर सूनबाई शाळांच्या प्रश्नपत्रिका जुळवीत, दुसऱ्यावर मी स्तोत्रे उतरवीत असे. तिसरा त्याच्या खाटेशेजारी. यंत्रे परस्परांना आकड्यांनी ओळखतात आणि आकडे आपल्या ध्यानात राहत नाहीत. म्हणून कोणत्या नावाचा कोणता आकडा हे त्याच्या यंत्राने सांभाळायचे, इतरांनी त्याला विचारायचे, अशी त्याची योजना होती. नावे मी आपल्या नद्यांची सुचवली: नीरा, कऱ्हा, भीमा. पहिली दोन त्याने सूनबाईंच्या व माझ्या यंत्राला दिल्या. स्वतःच्या यंत्राला मात्र त्याने स्वतःचेच नाव दिले.

“अहो, हे मला रोज लिहावं लागणार?” सूनबाई संकोचल्या.

“लिही की! मनाई नाव घ्यायला आहे, लिहायला कुठंय?” तो हसला. “माझं नाव घेणारं एखादं यंत्र तरी असू दे घरात. तात्या काही घेणार नाहीत.”

“नाही घेणार,” मी म्हणालो.

“एकदा तरी, तात्या?”

मी नकारार्थी मान हलवली. औषधोपचार डॉक्टरांकडे होते. त्याच्यासाठी माझ्या हाती एवढे न उच्चारणेच उरले होते.

चातुर्मास संपण्यापूर्वी तो गेला.

ते यंत्र सूनबाईंनी चालूच ठेवले. ते बंद पडले की उरलेली दोन यंत्रे एकमेकांना नावाने सापडत नसत. वैशाखात वीज वारंवार जाऊ लागली आणि ती परतल्यावरही ते अधूनमधून मूकच राहू लागले, प्रश्नपत्रिका अडल्या. अखेर नावे सांभाळण्याचे काम सूनबाईंनी आपल्या यंत्राकडे घ्यायचे ठरविले. त्या पडवीत त्यांच्या यंत्रापाशी बसल्या. मी आतल्या खोलीत खाटेशेजारच्या पडद्यावरून मोठ्याने वाचू लागलो. नीरा, तिचा आकडा. कऱ्हा, तिचा आकडा. मग ती ओळ आली.

“पुढचं, तात्या?”

जपायचे ते आयुष्य संपले होते. तरी ओठ उघडेनात. नाव घेतले की तो नाही हे मीच मान्य केल्यासारखे होणार होते.

सूनबाई दारात आल्या. पडदा पाहून हळूच म्हणाल्या, “राहू द्या ती ओळ. ते यंत्र आता बंदच करायचंय.”

“नको, सूनबाई. लिही.”

त्या परत गेल्या. मी नाव उच्चारले. स्वयंपाकघरात त्याच्या आईच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला.

संध्याकाळी खाटेशेजारचे यंत्र बंद केले. सूनबाईंनी पडताळा म्हणून आपल्या यंत्राला ते नाव विचारले. आकडा लगेच आला. त्या आकड्याला त्यांनी हाक दिली आणि आम्ही दोघे पडद्याकडे पाहत बसलो. उत्तर आले नाही. ती ओळ त्यांनी पुसली नाही.