मोहोळ रस्त्यावरची ट्रायल

मंगळवारी मोहोळ रस्त्यावर एका माणसाला नापास केलं... तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं काम थोडक्यात सांगतो. आमच्या मालकांच्या सर्व्हिस मोटारी सोलापुराहून मोहोळ, मंगळवेढ्याला जातात. लायसन्स पोलीस देतात, पण तेवढ्यावर मालक कुणाच्या हाती गाडी देत नाहीत. आधी मी ट्रायल घ्यायची.

ट्रायलला उतारूंच्या जागी ज्वारीची पोती ठेवतो. रिकामी गाडी कुणीही हाकतो. भरलेली गाडी वेगळी. मी ड्रायव्हरशेजारी बसतो. डावीकडे, उजवीकडे, थांबा... याखेरीज बोलायचं नाही असा नियम आहे. बोललं की माणूस आवडायला लागतो आणि मग चूक दिसत नाही, असं मालक म्हणतात.

नियम आता अंगवळणी पडला आहे. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ माझी खोली आहे, तिथेही बोलायला कुणी नाही. एखादा रविवार संपतो आणि लक्षात येतं, आज आपण स्वतःचा आवाज ऐकलाच नाही...

मंगळवारचा माणूस नबीलाल. पन्नाशीला आलेला, आयुष्यभर टांगा हाकलेला. मोटारी आल्या, टांग्यात बसणारे कमी झाले, म्हणून यानेही मोटार शिकून लायसन्स काढलं होतं. घोडी विकली होती. म्हणजे परतीची वाट नव्हती.

बसल्याबरोबर त्याने मागे वळून पोत्यांकडे पाहिलं. "पॅसिंजर लई गुणाचे हायेत की, सायेब. एक बी भांडत न्हाय." मी समोर पाहत राहिलो.

गाडी त्याने फार छान चालवली. गिअर टाकताना आवाज नाही, वळणावर पोती हलली नाहीत. मात्र तोंड बंद नव्हतं. चढ आला की गाडीला म्हणायचा, "चल बेटी... गडबड नक्को, आहिस्ता." उतारावर जिभेने टकटक करायचा. मी मनातल्या मनात त्याला पास करून टाकलं होतं.

लांबोटी गावाच्या अलीकडे लिंबाखालून शेरडं अचानक रस्त्यावर आली.

नबीलाल ओरडला, "हो, हो, हो!" आणि मागे रेलून त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडे ओढलं. दोन्ही पाय समोरच्या फळीला रोवले होते... ब्रेकवर एकही नव्हता.

हातब्रेक मी ओढला. गाडी तिरकी होऊन थांबली. शेरडं वाचली. एक पोतं फुटून ज्वारी सीटखाली सांडली.

शेरडांमागची धनगरीण काठी घेऊन पुढे आली. आधी तिने शेरडं पाहिली, मग नबीलालला. त्याचे हात अजून स्टिअरिंग ओढूनच धरलेले होते. "अरं मुडद्या, मोटारीला लगाम असतुया व्हय रं? कुटनं धरून आणलाय ह्येला?"

नबीलालने हात सोडले. तळव्यांकडे बघत बसला.

मी म्हणालो, "नापास." दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. आज त्या जागी शेरडं होती, उद्या मोहोळच्या बाजाराची माणसं असतील.

तो खाली उतरला, धनगरणीला म्हणाला, "चुकलं, बाई." मग गाडीला वळसा घालून माझ्या जागी येऊन बसला. परतीला गाडी मी घेतली. सवयीने गप्पच होतो.

थोडं अंतर गेल्यावर तो म्हणाला, "सायेब, रागावलाय का?"

"नाही. बोलायचं नाही, असा नियम आहे."

"तो ट्रायलचा की. म्या तर नापास झालो... आता कसला नियम?"

इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नापास झालेल्यांना मी गप्प बसूनच परत आणत होतो... आणि तेही खिडकीबाहेर बघत यायचे.

मग आम्ही बोललो. त्याची घोडी मंगळवेढ्याच्या एकाने नेली. तिचं नाव रानी. तिला मोटारीचा भोंगा आवडायचा नाही, हे सांगताना तो हसला. मला म्हणाला, "घरी कोण कोण?" मी बायकोबद्दल सांगितलं... ती गेल्यावर तिचं नाव मोठ्याने घ्यायची वेळच आली नव्हती. सुमती. ते घेतलं तेव्हा गाडी कोंडी गावाच्या पुढे आली होती. पुढे बाळे गावाशी थांबून त्याच्या फडक्यातली भाकरी आम्ही वाटून खाल्ली.

स्टँडवर उतरताना त्याने विचारलं, "पुन्ना कवा येऊ?" महिन्याने ये, म्हणालो. मालकांना विचारून त्याला आवारात उभी असलेली नादुरुस्त मोटार सरावाला दिली आहे. इंजिन नाही, नुसतं बसायचं, समोर शेरडं आली असं समजून "हो" म्हणायचं आणि ब्रेक दाबायचा.

रोज सकाळी येतो. ऑफिसच्या खिडकीतून मला दिसतो. पहिल्या दिवशी हात आधी जात होते, पाय मागून. आज पाहिलं... हात जागेवर होते. पाय ब्रेकवर होता.

महिन्याने तो पास होईल. मग बाकीच्या ड्रायव्हरांबरोबर चहाला उभा राहील, आणि मी तिकडून गेलो की तोही बोलणं थांबवून सलाम करील. त्या ट्रायलला परतीची गाडीही तोच चालवेल, आणि मी नियमाप्रमाणे गप्प बसेन.

तरी सकाळी खिडकी उघडतो तेव्हा मनात एवढंच असतं... पाय आधी, नबीलाल. पाय आधी.