हैदराबादच्या प्रयोगातून गाळलेला प्रवेश

सोलापुरात माझ्या मैत्रिणीचं, मृणालचं नृत्यनाट्य पाहिलं तेव्हाच ठरवलं होतं, की ज्या शहराची ही गोष्ट आहे तिथेच तो प्रयोग पुन्हा बघायचा. दौरा हैदराबादकडे वळल्याचं कळलं आणि पुण्याहून गाडी पकडली.

जाणार असाल तर सांगते. सिकंदराबादला उतरून मेट्रोनं तारनाका गाठा, तिथून नल्लकुंट्याला ऑटो मिळते. ऑटोवाला जादा सांगणारच. 'नक्को भाई' म्हणून चालायला लागलात की तोच हाक मारतो. नल्लकुंट्यात पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, आल्याच्या चटणीबरोबर खा. डोळ्यांत पाणी येतं, पण पुन्हा मागवाल.

मृणाल इथलीच. तिचे आजोबा इथे वकील होते, आणि तिच्याबरोबर नाचणाऱ्या फरहीनचे नाना, म्हणजे आईचे वडील, त्यांचे शेजारी. रझाकारांच्या धाकात नानांनी मृणालच्या घरच्यांना आपल्या घरात लपवलं. पुढे पोलीस कारवाईत भारताची फौज आली, भीतीची दिशा फिरली, तेव्हा वकीलसाहेबांनी नानांच्या कुटुंबाला लपवलं. रंगमंचावर एकच दार. आधी फरहीन ते उघडते, मग मृणाल. सोलापुरात या प्रवेशाला माझ्या शेजारची अनोळखी बाई हुंदके देत होती.

दुपारी सभागृहावर पोचले तर मृणाल पायरीवर बसलेली.

"हॉलचे चिटणीस म्हणतात, दाराच्या प्रवेशातला दुसरा भाग, मी दार उघडते तो, काढा. लोक भडकतील म्हणे. नाहीतर हॉल देत नाहीत."

"मग प्रयोगच नको करूस."

"आणि पुढं बिदर, गुलबर्गा? एका जागी बंद पडला की सगळेच घाबरतात गं. तू बोल ना, मी काय करू?"

फरहीन जवळच घुंगरू बांधत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आज अम्मी येणार आहेत, ताई. नानांची गोष्ट आहे म्हणून सांगितलंय मी त्यांना."

 तरी संध्याकाळी मृणालनं तो भाग गाळला.

फरहीन नेहमीसारखीच सुरेख नाचली. तिनं दार उघडलं, मृणालच्या घरचे आत आले, अंधार झाला आणि उजेड आला तो थेट पुढच्या प्रवेशावर. तिची अम्मी पहिल्या रांगेत होती, मी तिच्या मागे. शेवटच्या टाळ्या थांबल्या तरी ती रंगमंचाकडेच बघत होती. मृणाल खाली उतरून आली तेव्हा अम्मीनं अगदी हळू विचारलं, "अब्बा दरवाजा खोले, वो दिखाए. हमारे वास्ते खुला सो काइकू नै दिखाए, बेटा?"

 फरहीन आईचा हात धरून बाहेर गेली. ऑटोत बसताना म्हणाली, "ताई, पुढचे प्रयोग माझ्याविना करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. फरहीन खोलीतून बाहेर आलीच नाही. मृणालनं माफी मागितली तर अम्मी म्हणाली, "माफी काहेकी? चाय पियो." मग आमच्या आयांच्या तब्येतीची चौकशी केली. बशीतली बिस्किटं संपू दिली नाहीत. प्रयोगाचा विषय मृणालनं दोनदा काढला, दोन्ही वेळा अम्मीनं उन्हाळ्याचं काहीतरी काढलं. निघताना जिन्यापर्यंत पोचवायला आली. खाली उतरल्यावर मृणाल भिंतीला टेकून रडली. मी ऑटोला हात केला.

दौरा तिथेच संपला. फरहीनच्या जागी दुसरी कुणी मृणालला चालेना, आणि फरहीन फोन उचलत नाही. पुण्यात आल्यावर फोटो टाकले तर चारजणांनी विचारलं, पुढचा प्रयोग कुठे? कुठेच नाही, असं लिहिलं.

हैदराबाद बघून या, शहर आवडेल. मला मात्र त्या घरातला चहा आठवतो. अम्मी आमच्यावर एकदा तरी ओरडायला हवी होती. ओरडली असती तर पुन्हा जायला तोंड राहिलं असतं. तिनं आम्हांला पाहुण्यांसारखं वागवलं.