मोठीमायचा नवा तांदूळ

मोठीमाय आधी नाकाने जेवायची, मग तोंडाने. ताट समोर आलं की वाकून वास घ्यायची. आपल्या घरी घ्यायचीच, पण लोकांच्या घरीही घ्यायची, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायची, "भाजी कालची तोडलेली हाय." त्या घरच्या बाईचं तोंड तेव्हा बघण्यासारखं व्हायचं. आम्ही पोरी माना खाली घालून पोळी मोडत बसायचो. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला वाटायचं.

ती माझ्या वडिलांची वहिनी, थोरल्या काकांची बायको. आमचं शेत बालाघाटकडे, लामत्याजवळ. विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडे मध्यप्रदेशात राहिलो, पण चूल होती तशीच राहिली आणि त्या चुलीवर राज्य होतं मोठीमायचं. तिला मूलबाळ नव्हतं, अक्षरओळख नव्हती. तोरा मात्र असा, की तालुक्यातल्या सगळ्या बाया हिच्याकडे परीक्षेला बसल्या आहेत आणि सगळ्या नापास आहेत.

"ज्याचा महिना, त्याचा घास," हे तिचं वेदवाक्य. पावसाळ्यात बांबूचे कोंब, दिवाळीनंतर नवा तांदूळ, पुसात लाखोरीच्या डाळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, माघात तुरीच्या शेंगा, उन्हाळ्यात रानातली फळं, चारोळीची चारं आणि तेंदूची टेंभरं. महिना सरला की तो जिन्नस तिच्या लेखी मेला. एकदा नागपूरचे मामा मोठ्या कौतुकाने वाटाण्याचा डबा घेऊन आले. ऐन जेठात हिरवे वाटाणे! आम्ही डोळे विस्फारून बघत होतो. मोठीमायने डब्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे कोनाच्या तेरवीतले?" मामांनी तो डबा तसाच परत नेला. आज माझ्या सुना बारा महिने वाटाणे खातात आणि त्याला सोय म्हणतात. मोठीमाय असती तर तिने त्यांना काय म्हटलं असतं, ते मी त्यांना सांगत नाही. घरात शांतता हवी असते.

तिच्यासोबत प्रवास करणं म्हणजे तर शिक्षाच. एकदा बैहरला नात्यातल्या लग्नाला निघालो होतो. बालाघाटच्या स्टँडवर हॉटेलवाल्याने गरम भजी पुढे ठेवली. हिने एक भजं उचललं, नाकाशी नेलं आणि भर गर्दीत त्याला विचारलं, "ये तेल कौनसे साल का है?" पुढे घाटात बाया पानांच्या द्रोणात चारं घेऊन बसल्या होत्या. ती दिसताच ही खिडकीतून ओरडली, "थांबव रे, थांबव!" कोणी तरी आजारी पडलं असं वाटून ड्रायव्हरने बस उभी केली. ही खाली उतरून निवांत चारं चाखत बसली. कंडक्टर चिडून म्हणाला, "अम्मा, ये बस है, बैलगाड़ी नहीं." तर ही म्हणते, "बैलगाडी रहती तो तेरे को काहे को पूछती? खुदच थांबवती." सगळी बस हसली. मी तेवढी तोंड फिरवून बसले होते. चारं मात्र मी अर्धा द्रोण खाल्ली, हेही सांगायला हवं.

कारण खाऊ घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लाखोरीच्या दिवसांत ती मला पहाटे शेतात न्यायची. कोवळे शेंडे खुडायचे, बांधावरच तीन दगडांची चूल, मडक्यात भाजी, वर लसूण-मिरची आणि हातावर भाकर. "खुडली का चुलीवर गेली पायजे, मंधात गप्पा नाही," म्हणून ती मला दटावायची. माझं बोलणं तिला पसंत नव्हतं, चालणं पसंत नव्हतं, भाकर थापणं तर नव्हतंच. पण मी खाताना ती एकटक बघत राहायची आणि माझी भाकर संपायच्या आत दुसरी पुढे यायची. स्वतः ती नंतर जेवायची. हे मला तेव्हा दिसत होतं, पण त्याला मी प्रेम म्हटलं नाही. पोरीचं वय मोठं कृतघ्न असतं.

आता तांदळाचं. आमच्या भागात पाहुण्याला जुना तांदूळ वाढतात. तो फुगतो, दाणा दाणा मोकळा होतो. नवा तांदूळ चिकट, पोटाला जड, तो आपला घरच्यांनी खायचा. आणि खरी गोष्ट पोटाची नाहीच. ज्याच्या घरी दोन वर्षांचा तांदूळ निघतो त्याची कणगी भरलेली, आणि जो पाहुण्याला नवा वाढतो त्याची रिकामी, असं लोक ताटावरून ठरवतात. मोठीमायला हे ठाऊक होतं, पण पटत नव्हतं. नव्या चिन्नोर तांदळाचा भात शिजायला लागला की घरभर वास सुटायचा आणि ती पेजेची वाटी धरून म्हणायची, "हे सोडून जुनं खाते, त्याची जीभ का चामड्याची हाय?"

मला बघायला वारासिवनीचे एक तांदळाचे व्यापारी मुलाला घेऊन आले ते नेमके दिवाळीनंतर. बाबा सकाळीच तिला सांगून गेले, "वयनी, आज कणगीतला जुना काढजा." आई मला साडी नेसवण्यात गुंतली होती. मोठीमाय चुलीपाशी एकटी होती. पंगत बसली, भात वाढला आणि त्याच्या वासानेच बाबांचा चेहरा उतरला. व्यापाऱ्यांनी दोन शितं बोटांत दाबली, शेजारच्याला दाखवली आणि गोड आवाजात विचारलं, "नवा दिसते. जुना सरला काय जी यंदा?" बाबा म्हणाले, "नाही जी, कणगी भरून हाय." "हौ, हौ," म्हणून त्यांनी हात धुतला. त्यांच्या मुलाने तोच भात दोनदा मागून घेतला होता. मी दाराआडून बघत होते. तो मला आवडला होता. आता हा काही तरी बोलेल, असं मला वाटलं. त्याने बापाकडे पाहिलं आणि ताटात मान घातली.

आठ दिवसांनी निरोप आला, जमत नाही. तेवढ्यावर भागलं नाही. आमच्या घरी पाहुण्याला नवा तांदूळ वाढतात, ही बातमी माझ्यासाठी पाहिलेल्या पुढच्या दोन घरी आमच्या आधी पोचली आणि ते पाहुणे आलेच नाहीत. आई मागच्या दारी जाऊन रडायची. बाबांनी मोठीमायला विचारलं, "काहून केलं असं?" ती म्हणाली, "पाहुण्यायले चांगलं वाढलं. माहा काय गुन्हा झाला?" मग मात्र मला राहवलं नाही. मी तिच्या तोंडावर म्हटलं, "तुह्या जिभेनं माहं लगीन खाल्लं." दुसऱ्या दिवशी ती शेतातल्या खोपडीत राहायला गेली. तो पूस गेला, माघ गेला, तिने मला बोलावलं नाही आणि मीही गेले नाही.

वर्षभराने बैहरचे पाहुणे आले. मुलगा तहसिलीत नोकरीला. आईने आदल्या रात्रीच जुना तांदूळ निवडून ठेवला होता. मोठीमाय सकाळी शेतातून आली ती चुलीकडे गेलीच नाही. आईला म्हणाली, "तूच रांध. मी बसतो भायेर." बायांच्या पंगतीत ती मुलाच्या आईशेजारी बसली. मी वाढत होते. भात वाढला तशी ती बाई शितं न्याहाळत म्हणाली, "आम्ही तं आयकलं व्हतं का तुमच्या घरी पाहुण्यायले नवा तांदूळ वाढते म्हणून."

आईच्या हातातली पळी थांबली. हाही सोयरा गेला, असंच मला वाटलं.

"खरं आयकलं," मोठीमाय म्हणाली. "मीच रांधला व्हता तो. घरात जुना भरून ठेवला व्हता, दीरानं सांगूनबी ठेवलं व्हतं, पण मी आपल्या मनानं नवा टाकला. या पोरीच्या मायबापाचा त्यात काही दोष नाही. मी अडाणी बाई, मले काय समजते खाण्यातलं?"

आणि तिने तो जुना भात कालवला, मोठा घास घेतला, गिळला आणि त्या बाईला म्हणाली, "याची सर नव्याले येत नाही." मग माझ्याकडे ताट सरकवलं. "वाढ वो पोरी. आनखी वाढ."

मुलाची आई हसली, तिनेही भात मागून घेतला आणि माझं लग्न तिथेच ठरलं. मोठीमायने त्या दिवशी तीनदा भात घेतला. तिन्ही वेळा मीच वाढला. तिन्ही वेळा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे ती बारा वर्षं जगली. माझ्या सासरी येऊन माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवून गेली, आणि मी एकदाही उलट बोलले नाही. आख्ख्या तालुक्याला नापास करणाऱ्या त्या बाईने परक्या बाईसमोर स्वतःला नापास केलं, तेही माझ्यासाठी. "मले काय समजते खाण्यातलं?" हे वाक्य तिच्या तोंडून माझ्यामुळे निघालं, हे मला आजही सोसत नाही.