मागच्या रांगेतला हात

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंत्राटी कामगारांची पत्रकं वाटत होते, तेव्हा आईचा फोन आला. "दादा गेला," एवढंच ती म्हणाली. मग पलीकडून शेजारणीच्या मिक्सरचा आवाज येत राहिला... समोरून देवदर्शन करून आलेल्या एका बाईंनी माझ्या हातातलं पत्रक घेतलं, त्यात पेढा गुंडाळला आणि पुढे गेल्या. दिनूमामा हे ऐकून खूश झाला असता. पत्रक निदान कुणाच्या उपयोगी पडलं, म्हणाला असता. बदलापूरला खरवई भागात तो राहायचा त्या नव्या इमारतीत, जेवून आडवा झालेला माझा मामा उठला नाही. त्याला जाऊन काही आठवडे झाले. तेवढ्या दिवसांत त्याला नावं ठेवणाऱ्यांनी त्याच्यावर इतकी भाषणं केली, की आता मला लिहायलाच हवं.

मी उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात वाढले. बाबांचा छोटा छापखाना होता आणि आमच्या खोलीत गाद्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मोर्चा, संप, जयंती, पाणी, रेशन... सगळ्यांची पत्रकं आमच्याकडे छापली जायची आणि अर्ध्यांचे पैसे यायचे नाहीत. पत्रकानं जग बदलतं यावर बाबांचा विश्वास होता. मामाचं म्हणणं, आधी पत्रक दुरुस्त करा. तो ओला कागद उजेडाकडे धरून वाचायचा. "यात 'उद्ध्वस्त' तीनदा आलंय. माणूस एकदाच उद्ध्वस्त होतो, भावोजी," असं त्यानं एकदा बाबांना ऐकवलं होतं. त्याची आणखी एक खोड होती. चार माणसांची बैठक असो की कारखान्याच्या गेटवरची सभा, तो मागच्या रांगेत बसायचा, हात वर करायचा आणि म्हणायचा, "एक प्रश्न आहे." घरी भात वाढून घ्यायचा असला तरी हात वर. आम्ही पोरं हसून लोळायचो.

मामा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात होता. कंपनीनं कामगारांना शेअर्स घ्यायचं आवाहन केलं तेव्हा सगळ्या खात्यानं ते घेतले. आपण घाम गाळतो ती कंपनी, ती बुडेल कशी? मामानंही होती नव्हती ती शिल्लक तिथेच टाकली. आयुष्यात तेवढ्या एका वेळी तो प्रश्न विचारायला विसरला, असं तोच सांगायचा. कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी पगार गेला, आणि जी पुंजी पगार गेल्यावर कामाला यायची तीही त्याच टाळ्याच्या आत राहिली. पुढे मामानं एका दुकानात हिशेबनीस म्हणून काम धरलं आणि या विषयावर मिळेल ते वाचत सुटला. त्यातून त्यानं साधी गोष्ट उचलली. सहा महिन्यांचा खर्च आधी बँकेत ठेवायचा. वरचे जे पैसे काही वर्षं लागणार नाहीत, तेवढेच इंडेक्स फंडात टाकायचे. महिन्याला थोडे, न चुकता. देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा प्रत्येकी एक बारीक तुकडा त्यात येतो, कुठली चालेल ते आपण ओळखायला जायचं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि रागात होते. ज्या कंपन्यांविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो त्यांचेच तुकडे घेतोस, म्हणून त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "माझ्यासारख्यांना दारातून हाकलणारेही आहेत त्यात. माझा हिस्सा इतका छोटा आहे की शिवी दिली तरी पोचायची नाही. पण म्हातारपणी मी तुझ्या दारात येणार नाही." मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पूर्ण पटत नाही. तरी त्याच्यासाठी मीच पत्रक लिहिलं. त्यानं माझी सगळी जळजळीत वाक्यं खोडली आणि स्वतःच्या हातानं एक घातलं: 'हे पैसे कमीही होऊ शकतात, हे समजूनच टाका.' कोण वाचणार असलं पत्रक!

रविवारच्या वंदनेनंतर मामा ते आमच्या कॅम्पातल्या बुद्धविहारात वाटायचा. वस्तीतल्या पोरांना पहिली नोकरी लागली की त्यांना गाठून समजावायचा. पोरं ऐकून घ्यायची आणि बाहेर पडल्यावर मोबाइलवर ऑप्शनचा सट्टा खेळायची. अशातच विलास पुढे आला. आमच्यातलाच, शिकलेला, इंग्रजी बोलणारा पोरगा. लोकांचे पैसे घेऊन तो बाजारात लावायचा आणि दर महिन्याला न चुकता घसघशीत परतावा हातात ठेवायचा. विहाराला त्यानं पंखे दिले, पात्यांवर लाल रंगात आपलं नाव लिहून. पंखे फिरत असले की ते दिसत नाही, वीज गेली की वाचता येतं. जयंतीला विहाराच्या कमिटीनं त्याला मंचावर बसवलं. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दुकानात राबली, आता आपला पैसा आपल्या माणसाकडे... असं भाषण झालं आणि टाळ्या पडल्या. मीही लहानपणापासून हेच वाचत आले होते. आमच्या लोकांना लुटायचं असेल तर आमचंच सगळ्यात चांगलं वाक्य वापरावं लागतं.

तेव्हा मागून हात वर गेला. "एक प्रश्न आहे. बाजार पडतो त्या महिन्यात तू परतावा कुठून देतोस, बाळा?" विलास हसला. कमिटीतला एकजण म्हणाला, मामांना आपल्या पोराचं चांगलं बघवत नाही, शेठ लोकांच्या कंपन्यांचं बघवतं. पुढच्याच बैठकीत मामाचं नाव कमिटीतून गेलं. त्यानंतर कधीतरी बाजार खरंच कोसळला, मामाचा फंडही उतरला, आणि लोक त्याला रस्त्यात अडवून विचारू लागले, "काय दिनकरराव, कुठे गेला तुमचा फंड?" मामा म्हणायचा, "खाली गेलाय. वर कधी येईल माहीत नाही. पण पळून जाणार नाही."

याच दरम्यान बाबा गेले. छपाईचं मशीन विकून आलेला पैसा आईकडे होता. भाड्याच्या खोलीत जन्म गेलेल्या माझ्या आईला बदलापूरला स्वतःची एक खोली हवी होती. खिडकीत तुळस ठेवली तर काढ म्हणणारं कुणी नको, एवढंच तिचं मागणं. मामा सलग तीन रविवार आमच्याकडे आला. तो सांगत होता, खोली लवकर घ्यायची असेल तर फंडातही टाकू नको, बँकेत ठेव. उशिरा घ्यायची असेल तर थोडे फंडात टाक. विलासकडे देऊ नको.

"तुझ्या त्या फंडात आपला कोण आहे दादा?" आईनं विचारलं.

"कोणीच नाही. म्हणून तर सांगतोय."

"विलास आपल्या डोळ्यांसमोर वाढलाय."

"कारखानाही आपलाच होता."

त्या रविवारी आईनं पैसे कुणालाच दिले नाहीत. पण कमिटीतल्या बायका रोज घरी येत होत्या, आणि नवरा गेलेल्या बाईला वस्ती सोडून चालत नाही. तिनं सगळे पैसे विलासला दिले. काही महिने परतावा आला, मग उशिरा आला, मग विलासचा फोन लागेना. त्यानं पैसे खाल्ले नाहीत, बाजारात हरला, असं लोक अजून सांगतात. जणू त्यामुळे आईची खोली उभी राहणार आहे.

मामानं तिला एका शब्दानं टोचलं नाही. मी टोचायला निघाले तर मला बाहेर चहा आणायला पिटाळलं. पुढे तिला शिवणाचे पैसे मिळू लागले तेव्हा बँकेत आधी थोडे जमू दिले, मग परवडेल तेवढ्या छोट्या रकमेनं तिचं फंडाचं काम सुरू करून दिलं. त्यातून खोली होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. आईनं विचारलं, मग कशाला? तर म्हणाला, "कुणाच्या पाया पडायला लागू नये म्हणून."

मामाच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम विहारातच झाला. ज्यांनी त्याला कमिटीतून काढलं तेच मंचावर होते. दूरदृष्टीचे, समाजाचे मार्गदर्शक, अर्थतज्ज्ञ... शब्द संपेनात. माझ्या हातात लाल पेन असतं तर मी तिथेच खोडत सुटले असते. आणि शेवटी, मला आजही खरं वाटत नाही, आभार मानायला उठलेल्या माणसानं एका पाहुण्याची ओळख करून दिली. आपल्यातलेच आहेत, जांभूळ गावाजवळ प्लॉट पाडतायत, आत्ता थोडे पैसे गुंतवले तर तीन वर्षांत दुप्पट. दिनकररावांचं स्वप्न होतं की समाज आर्थिकदृष्ट्या उभा राहावा, असंही तो म्हणाला.

मी उठणार होते, पण माझ्या शेजारी बसलेल्या आईचा हात आधीच वर गेला होता.

"एक प्रश्न आहे. जमिनीचे कागद कुणाच्या नावावर आहेत?"

"ताई, आज दुःखाचा दिवस आहे. हे नंतर बोलू."

"विलासच्या वेळीही नंतरच बोललो," आई म्हणाली. हात तिनं खाली घेतला नाही. मंचावरच्या माणसानं घाईघाईनं सगळ्यांना चहाला बोलावलं. चहाच्या रांगेत मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दिसायचं ते दिसलंच. बरेच जण पाहुण्याचा नंबर मोबाइलमध्ये घेत होते. त्यात विलासकडे पैसे बुडालेलेही होते.

विहारात दाराजवळ, शेवटच्या रांगेत, एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. तिचा एक हात चिरलेला आहे, बसणाऱ्याला चिमटा काढतो. कमिटीतून काढल्यावर मामा तिथेच बसायचा. तिथून हात वर केला की मंचावरच्यांना पाहावंच लागतं, म्हणायचा. आईनं त्या चिरेवर शिवणातली जाड चिंधी गुंडाळली आहे आणि दर रविवारी ती तिथे जाऊन बसते. डोक्यावर विलासचे पंखे फिरत असतात... हल्ली बैठक संपताना "कुणाला काही विचारायचंय का," असं कमिटी विचारत नाही.