चुन्याने आखलेलं घर

आर्नोल्दो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मध्येच कुणीतरी म्हणेल, "अगं, पण तो पीत नाही, कधी हात उचलत नाही." नाही ना! म्हणून काय त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं?

एदुविना माझी धाकटी बहीण, आर्नोल्दो तिचा नवरा. लग्न झालं तेव्हापासून तो उत्तरेत, वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीवर. सात दिवस वर कॅम्पवर, सात दिवस घरी. दक्षिणेतल्या आमच्या बेटावरच्या निम्म्या घरांची हीच गत. तेहतीस वर्षं त्या बाईने अर्ध्या नवऱ्यावर अख्खा संसार ओढला. तीन पोरं वाढवली, बटाटे लावले, बटाटे काढले, डुकरं पाळली. एका वादळात घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीच्या लाकडी फळ्या उडाल्या, तेव्हा आठव्या महिन्याचं पोट घेऊन ही बया शिडीवर चढली, तोंडात खिळे धरून. मी खालून शिव्या घालतेय, आणि ही वरून म्हणते, "ताई, शिव्या नंतर, आधी हातोडी दे."

अशा बाईची छाती गेली. आमच्याकडे पाऊस म्हणजे काय, वर्षाचे दहा महिने. भिंतीत ओल, अंथरुणात ओल, आणि शेवटी फुप्फुसात. तीन हिवाळ्यांत तीनदा न्यूमोनिया. कास्त्रो गावच्या डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, "बाई, चौथा हिवाळा इथे काढू नका. कोरड्या हवेत जा."

आर्नोल्दो त्याच वर्षी निवृत्त झाला होता. तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "कोरडी हवा? अरे, कोरडी हवा मला विचारा! पोसो दुल्सेला मी जागा बघून ठेवलीय. वाळवंटात झरा आहे, लिंबाची झाडं आहेत. घराचा नकाशासुद्धा तयार आहे. गाडीनेच जाऊ, वाटेत सगळा देश बघू. ताई, तुम्हीही चला."

घर पाहावं बांधून म्हणतात. आमच्या या पठ्ठ्याने ते कागदावर आधीच बांधलं होतं. नकाशाची गुंडाळी त्याने गाडीत काचेखाली ठेवली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हता. "जागेवर दाखवीन," म्हणायचा. एदुविनाने दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

बारा दिवसांचा प्रवास. म्हणे देश बघायचा! पहाटे पाचला हा आंघोळ करून, बूट बांधून दारात उभा. वीस मिनिटांत जेवण. धबधबा दहा मिनिटं, चर्च दहा मिनिटं, समुद्रातली दगडी कमान पाच मिनिटं, कारण "ती कुठे पळून जाते?" वाळवंटात वाळूतून वर आलेला एक भलामोठा दगडी हात आहे, लोक लांबून बघायला येतात. एदुविना त्याच्याभोवती एक फेरी मारत होती तर याने हॉर्न वाजवला.

"खाणीवरची पाळी सुरू व्हायचीय का रे तुझी?" मी म्हटलं.

"ताई, पुढे पेट्रोल नाही मिळत."

"मग हॉर्न पिऊन चालते का गाडी?"

एदुविना हसली. हसली आणि खोकली नाही! खरं सांगते, सगळा प्रवास मी त्याचसाठी जीभ आवरून बसले होते. ला सेरेना शहर ओलांडलं आणि तिचा खोकला कमी व्हायला लागला. कोपियापोच्या लॉजमध्ये सकाळी जाग आली तर शेजारच्या खाटेवरून काहीच आवाज नाही. उठून तिच्या नाकाखाली हात धरला.

"मेले नाही गं ताई, झोपलेय," ती डोळे न उघडता म्हणाली.

शेजारच्या खाटेवर मी कशी, असं विचाराल. तर प्रत्येक लॉजमध्ये आर्नोल्दो नोंदणीच्या खिडकीशी जाऊन म्हणायचा, "एकेरी खाटा तीन." बायको शेजारी उभी असताना! पहिल्या दिवशी मी डोळे वटारले. एदुविना म्हणाली, "जाऊ दे, त्याला सवय आहे." तिचं हे "जाऊ दे" म्हणजे तेहतीस वर्षांचं दुखणं आहे, त्यावर कास्त्रोच्या डॉक्टरकडे औषध नाही.

पोसो दुल्सेच्या आधी एक ओस पडलेलं गाव लागतं. पूर्वी तिथे सोऱ्याची, खताच्या क्षाराची, खाण होती. मजुरांच्या खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत, छपरं नाहीत. एदुविना एका खोलीत शिरली आणि बराच वेळ बाहेर येईना. मी आत गेले तर ती कोपऱ्यातल्या काळ्या भिंतीवर हात ठेवून उभी. "बघ, इथे कुणीतरी रोज स्वयंपाक करायची," म्हणाली. "शंभर वर्षं झाली तरी काजळी गेली नाही." तिने बोट नाकाशी नेऊन वासही घेतला, वेडी कुठली. बाहेर हॉर्न वाजतच होता.

जागा छान आहे, खोटं कशाला बोलू? मागे डोंगर, खाली लिंबाची बाग, हवा इतकी कोरडी की धुतलेला रुमाल हातातच वाळतो. एदुविनाने खोल श्वास घेतला, मग आणखी एक. मुद्दाम घेतल्यासारखा. "आर्नोल्दो, इथे जगता येईल," ती म्हणाली. तो इतका खूश झाला की कान लाल झाले. गाडीतून चुन्याची गोणी काढली, दोरी, खुंट्या काढल्या, आणि नकाशा उघडून दोन तासांत अख्खं घर जमिनीवर पांढऱ्या रेघांनी आखलं. खाणीवर आयुष्यभर हेच केलेला माणूस. रेघ अशी सरळ की नजर ठरावी.

"या, आत या! दारातून या, भिंतीतून नको!"

दारातून शिरलो. पहिल्यांदा काय? नळ आणि न्हाणी. "बाहेरून आलं की आधी धूळ धुवायची," म्हणाला. पुढे लांबलचक बोळ. बोळाला लागून एकसारख्या चार खोल्या. प्रत्येकीत एक खाट, एक कपाट, एक खुंटी.

"ही माझी," तो म्हणाला, "ही तुझी. या दोन पोरं आली की."

एदुविना त्या रेघांमधून चालत बोळाच्या टोकाला गेली. परत आली. "आणि स्वयंपाकघर?"

"अगं, हे बघ ना, इथे किटली ठेवायला फळी. आणि खाली गावात खानावळ आहे, रोज तीन पदार्थ, सूप वेगळं. तुला आता कशाला कष्ट?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, हे घर आहे की खाणीचा कॅम्प? खुंटी कसली, हेल्मेट अडकवायला? चूल नाही! आमच्याकडे कुत्र्यालासुद्धा चुलीपाशी जागा असते. या बाईने जन्मभर त्या चुलीसमोर तुझी पोरं वाढवली, तुझ्या आईला शेवटचं पाणी तिथेच पाजलं. आणि तू तिला काय देतोस? खाट आणि किटली! मरायला नको म्हणून आणलंस, मग जगायला का नको?"

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका."

"पडणार! शंभरदा पडणार!"

आणि मग तो ओरडला. मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"चुलीपाशी माझी जागा कुठे होती, सांगा ना! एका बाकावर ताई तुम्ही, दुसऱ्यावर पोरं, शेजारीण, तिची सून. मी आत आलो की सगळे उठायचे. 'बाबा आले, बाबांना बसू द्या.' पाद्री आल्यासारखं! माझ्याच घरात! दुसऱ्या दिवशी धाकटी विचारायची, 'बाबा, वर कधी जाणार?' खोलीवर माझं नाव कुठे होतं तर कॅम्पवर, दारावर लिहिलेलं. झोप लागायची ती तिथेच. घर काढायला बसलो आणि हेच निघालं. मला दुसरं काढता येत नाही!"

चुना वाऱ्याने थोडा उडत होता. मला बोलायचं होतं पुष्कळ. बायकोशी एकदा तरी बोलायचं होतंस, गाढवा, हे तर पहिलं. पण त्या दोघांना एकटं सोडून मी त्या बाकावरून कधी उठून गेले नव्हते, तेही आठवत होतं. त्याचा मला आणखी राग आला.

"तेहतीस वर्षांत बोलला नाहीस," एदुविना म्हणाली.

"सात दिवस मिळायचे. त्यात भांडत बसू?"

"हो! भांडायचं होतंस! मी एकटीने कुणाशी भांडायचं, डुकरांशी?" तिचा आवाज चढला, छाती भरून आली, आणि मी धावणार तोच पाहिलं, खोकला आलाच नाही. ती नुसती रडत होती, आणि रागाने रडत होती. मग तिने पायाने दोन खोल्यांमधली रेघ फरफर पुसून टाकली. चुन्याने बूट पांढरे झाले.

"ही एकच खोली. आणि ही फळी, ही किटली, सगळं पूस. इथे चूल येईल."

"इथे लाकूड कुठे मिळतं गं?"

"गॅस जाळ, नाहीतर तुझं हेल्मेट जाळ. पण चूल आपल्या घरच्या चुलीएवढी पाहिजे, तिन्ही बाजूंनी बाकं बसतील अशी. आणि आतल्या बाकावर तू बसायचंस. कुणी आलं तरी उठायचं नाही, कुणी उठवायचंही नाही."

आर्नोल्दोने खिशातून पेन्सिल काढली. नकाशावर वाकला. मग तसाच थांबला, आणि मान वर न करता म्हणाला, "केवढी आहे गं आपली चूल?"

ऐकलंत? तेहतीस वर्षं त्या चुलीवरचं खाल्लं, आणि हा विचारतो केवढी आहे! माझ्या तोंडावर अशी शिवी आली होती की पाद्रीबाबांनी मला गावातून काढलं असतं.

एदुविनाने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. त्याचे दोन्ही हात धरले आणि लांब केले, थोडे आणखी, मग उजवा जरा मागे. "एवढी," म्हणाली. "हलवू नकोस."

तो हात तसेच धरून निघाला. पायाखाली दगड, दोनदा ठेचकाळला, पण हातांतलं अंतर मोडलं नाही. खाली वाकून त्याने ते जमिनीला टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, चुना घाला. लवकर. माप सुटेल."

मी घातला. त्याच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत, शिव्या घालतच घातला.